द्विविभाजनाच्या तयार स्लाइडचा संच: घ्या, पण दुकानातच तपासून

कोल्हापुरात शाळांना प्रयोगशाळेचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत अमीबा, पॅरामेशिअम, युग्लीना आणि यीस्ट अशा चार तयार स्लाइडचा संच मिळतो. दहावीला अलैंगिक प्रजनन शिकवताना तो कामाचा आहे, पण डोळे झाकून घेऊ नका.

आधी पॅरामेशिअम बघा. आम्ही पाहिलेल्या संचात लेबल ‘द्विविभाजन’चं (एका पेशीच्या दोन समान पेशी होणं) आणि काचेखाली संयुग्मन! ही चूक वर्गात फार महागात पडते. संयुग्मनात दोन पेशी तोंडाच्या बाजूने शेजारी-शेजारी चिकटतात, केंद्रकांची देवाणघेवाण करून सुटतात. दोनाच्या दोनच राहतात. विभाजनात एकच पेशी लांबते, मधोमध आडवी खाच पडते, मोठं केंद्रक ताणून डमरूसारखं होतं. दोन्ही अर्धे एका रेषेत, एकामागे एक दिसले तरच स्लाइड घ्या. सूक्ष्मदर्शकाच्या 10एक्स (दहापट) ऑब्जेक्टिव्ह भिंगाखाली एवढं सहज कळतं.

युग्लीना मात्र सुरेख. पुढच्या टोकाकडून उभी चिरत गेलेली पेशी 40एक्सखाली स्पष्ट दिसते.

अमीबाने निराशा केली. छद्मपाद (सरकण्यासाठी पेशीतून निघणारे तात्पुरते पाय) पसरलेले, केंद्रक एकच, म्हणजे विभाजन सुरूच झालेलं नाही. विभागताना अमीबा गोलसर होतो, आधी केंद्रक दुभंगतं, मग पेशीद्रव्य.

यीस्टची स्लाइड विकत घेण्यात तर अर्थच नाही. 50 मिली कोमट पाण्यात (35 अंश सेल्सिअसच्या आसपास) चमचाभर गूळ विरघळवा आणि मलमलीतून गाळा, नाहीतर गुळातला कचराच पेशी समजून मुलं वहीत काढतात. त्यात पाव चमचा ड्राय यीस्ट टाका. दीड-दोन तासांनी एक थेंब घेऊन त्यात पाणी घालून पातळ करा, सौम्य मेथिलिन ब्लू हा निळा रंग लावा. कव्हरस्लिप एका कडेवर टेकवून तिरकी, हळूहळू सोडा. सपाट टाकली की बुडबुडे अडकतात. 40एक्सखाली मोठ्या पेशीला चिकटलेली छोटी कलिका दिसेल. इथे दोन समान भाग होत नाहीत, हे मुलांना दाखवाच. जिवंत पेशी रंगहीन राहतात, मेलेल्या निळ्या होतात. सगळ्याच निळ्या दिसल्या तर बहुधा पाणी फार गरम होतं.

पेटी पुठ्ठ्याची आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती दमट होते, लेबलं सुटतात. जून लागायच्या आत काच कोरायच्या पेन्सिलीने प्रत्येक स्लाइडच्या कडेला नाव कोरून ठेवा.