डेनटूल, ओपनएसएसएल की पोस्टटीएलएस-फिंगर: सर्टिफिकेट डीएनएसवरून तपासायचं तर काय घ्यावं?

फोर्टमधल्या एखाद्या सॉलिसिटरच्या ऑफिसचा किंवा अंधेरी एमआयडीसीतल्या कारखान्याचा मेल सर्व्हर तुमच्या गळ्यात आहे. डोमेनला डीएनएससेक (डीएनएसमधल्या नोंदींवरची डिजिटल सही) लावून झालंय, टीएलएसए रेकॉर्डही (सर्व्हरची खरी किल्ली कोणती ते सांगणारी डीएनएसमधली नोंद) टाकलाय, आणि आता तो बरोबर आहे की नाही हे टर्मिनलवरून बघायचंय. हाताशी तीन हत्यारं येतात: ग्नूटीएलएसचं डेनटूल, ओपनएसएसएलचं एस-क्लायंट आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हरसोबत येणारं पोस्टटीएलएस-फिंगर. तिन्ही शेवटी ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ एवढंच सांगतात. पण कुणाच्या भरवशावर सांगतात, ते तिघांचं वेगळं आहे, आणि माझ्या मते निवड त्यावरूनच करावी.

हा उद्योग मुळात कशासाठी, ते थोडक्यात. नेहमीच्या पद्धतीत तुमच्या मशीनवरच्या यादीतली कुठलीही सर्टिफिकेट ऑथॉरिटी कुठल्याही डोमेनचं सर्टिफिकेट देऊ शकते. २०११ मध्ये डिजिनोटार ही डच कंपनी फोडून गूगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं काढली गेली. जुलै २०१४ मध्ये आपल्याकडच्या एनआयसीच्या सर्टिफिकेट ऑथॉरिटीतूनही गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. सोसायटीचा वॉचमन पाहुण्याचं ओळखपत्र बघून आत सोडतो, ती ही जुनी रीत. डेन, म्हणजे सर्टिफिकेट डीएनएसवरून तपासायची पद्धत; तिच्यात तो इंटरकॉमवरून थेट फ्लॅटमालकालाच विचारतो. सर्व्हरची खरी किल्ली कोणती, हे डोमेनचा मालक सही केलेल्या डीएनएसमध्ये स्वतः लिहून ठेवतो. ऑगस्ट २०१२ च्या आरएफसी ६६९८ या इंटरनेटच्या नियमपत्रात हे ठरलं. डीएनएसच्या रूटवर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, सही २०१० मध्येच झाली होती, आणि डॉट इन हा झोनही (एका डोमेनखालच्या नोंदींचा संच) सही केलेला आहे.

ब्राउझर मात्र याकडे ढुंकून बघत नाहीत, क्रोमही नाही आणि फायरफॉक्सही नाही. त्यामुळे फक्त वेबसाइटसाठी यात पडायचं असेल तर फारसं काही हाती लागणार नाही. मजा आहे ती मेलमध्ये.

आधी डेनटूल, कारण मी सगळ्यात जास्त तेच वापरतो. डेबियन-उबुंटूवर ते ग्नूटीएलएस-बिन या पॅकेजमधून येतं. ‘चेक’ या पर्यायाला होस्टचं नाव, पोर्ट २५ (मेलचं पोर्ट) आणि स्टार्टटीएलएससाठी (साधी जोडणी मधूनच सुरक्षित करायची सोय) एसएमटीपी एवढं सांगितलं की ते सर्व्हरकडून सर्टिफिकेट आणतं, डीएनएसमधून टीएलएसए आणतं, रेकॉर्डचे तिन्ही आकडे फोड करून दाखवतं आणि खाली निकाल लिहितं. पोर्ट सांगायला विसरलात तर वेबसाइटचं ४४३ धरून चालतं. रेकॉर्ड तयार करतानाही तेच, म्हणजे मेलसाठी बनवलेल्या रेकॉर्डचं नाव अंडरस्कोर ४४३ ने सुरू होतं आणि माणूस डोकं खाजवत बसतो.

ते आकडे एकदा समजून घ्या. मेलसाठी बहुतेक ठिकाणी ३ १ १ दिसेल. पहिला ३ म्हणजे ‘हे याच सर्व्हरचं सर्टिफिकेट’. तिथे २ असेल तर ‘देणाऱ्या ऑथॉरिटीचं’. मधला १ म्हणजे अख्खं सर्टिफिकेट सोडून फक्त पब्लिक की धरायची. शेवटचा १ म्हणजे तिचा एसएचए-२५६ ने काढलेला ठसा. पहिल्या जागी ० किंवा १ लिहू नका. मेलसाठीच्या आरएफसी ७६७२ ने ते बाजूलाच ठेवलेत.

डेनटूलची खरी ताकद डीएनएसच्या बाबतीत आहे. ते लिबअनबाउंड ही लायब्ररी वापरून सह्या स्वतः तपासतं, आणि ऑफिसच्या राउटरला न विचारता थेट रूटपासून सुरुवात करतं. इमारतीतल्या केबलवाल्याचा रिझॉल्व्हर (डीएनएसमधली नावं शोधून देणारा सर्व्हर) काय सांगतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. याची दुसरी बाजूही आहे. ऑफिसच्या फायरवॉलने बाहेर जाणारं डीएनएसचं पोर्ट ५३ अडवलं असेल तर डेनटूल नुसतं लटकून राहतं. तेव्हा ‘लोकल-डीएनएस’ हा पर्याय द्या, म्हणजे ते ऑफिसच्याच रिझॉल्व्हरला विचारतं. सह्या तरीही तेच तपासतं. ‘इनसिक्युअर’ नावाचाही पर्याय आहे. त्याने सह्यांची तपासणीच बंद होते, मग डेनचा खटाटोप करायचा कशाला? आणखी एक: रूटची किल्ली ऑक्टोबर २०१८ मध्ये बदलली. कोपऱ्यात पडलेल्या, वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या मशीनवर जुनीच किल्ली असेल तर सगळी डोमेनं खोटी ठरतात.

ओपनएसएसएलची गोष्ट उलटी आहे. डेन त्यात १.१.० पासून, म्हणजे २०१६ पासून आहे. पण एस-क्लायंट टीएलएसए स्वतः शोधत नाही. रेकॉर्ड तुम्ही हाताने द्यायचा, आणि ते फक्त सर्टिफिकेटशी ताडून बघणार. रेकॉर्ड सही केलेल्या झोनमधून आला की एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमधून, हे त्याला कळत नाही. म्हणून ‘ओपनएसएसएलने ओके दिलं’ हा डेन चालू असल्याचा पुरावा मी धरत नाही. रेकॉर्ड डीएनएसमध्ये टाकायच्या आधी ताडून बघायला मात्र ते उत्तम. स्क्रिप्टमध्ये घालणार असाल तर ‘व्हेरिफाय-रिटर्न-एरर’ लावा, नाहीतर न जुळताही जोडणी पुढे चालू राहते. मॅकबुकवाल्यांसाठी: मॅकसोबत येणारं ओपनएसएसएल आतून लिबरएसएसएल आहे, त्यात हे पर्यायच नाहीत. होमब्रूवरून ग्नूटीएलएस घेतलंत की डेनटूल मिळतं.

पोस्टटीएलएस-फिंगर तुमच्या पोस्टफिक्सच्याच नजरेने बघतं. डोमेन दिलं की एमएक्स (डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरकडे जाते ते सांगणारा रेकॉर्ड) शोधतं, तिथला टीएलएसए घेतं आणि सगळं जमलं तर ओळीत ‘व्हेरिफाइड’ असं छापतं. ‘ट्रस्टेड’ किंवा ‘अनट्रस्टेड’ आलं तर डेन पूर्णपणे लागू झालेलं नाही. एमएक्स रेकॉर्ड ज्या झोनमध्ये आहे तोच सही केलेला नाही, ही फार नेहमीची भानगड यात लगेच पकडली जाते. होस्टचं नाव देऊन चालवलेल्या डेनटूलमध्ये ती निसटते, कारण आपण एमएक्सची पायरीच गाळलेली असते. पण सह्यांसाठी ते रिझॉल्व्हरच्या शब्दावर विसंबतं, म्हणून त्याच मशीनवर अनबाउंडसारखा सह्या तपासणारा रिझॉल्व्हर हवाच.

एक मुंबईची अडचण. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये मशीन घेऊन तिथून तपासायला जाल तर बाहेर जाणारं पोर्ट २५ मुळात बंद असतं, आणि टाइमआउटला लोक डेनची चूक समजतात. पोस्टटीएलएस-फिंगर तिथे निरुपयोगी. डेनटूलला मात्र ‘लोड-सर्टिफिकेट’ने फाइल देता येते, मग ते सर्व्हरकडे न जाता फाइल आणि डीएनएस एवढंच जुळवून बघतं.

तेव्हा ठरवायचं असं: स्वतःचा पोस्टफिक्स असेल तर पोस्टटीएलएस-फिंगर आणि डेनटूल दोन्ही ठेवा. पैकी एकच हवं असेल तर डेनटूल. ओपनएसएसएल मशीनवर असतंच, ते जोडीला. मेल गूगलकडे असेल तर तिन्ही विसरा आणि एमटीए-एसटीएस (मेलसाठी टीएलएसची सक्ती करायची दुसरी पद्धत) लावा, कारण जीमेल डेन पाळत नाही.

आणि डेनटूल क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) टाकाच. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, आणि ते आणणारा सर्टबॉट हा प्रोग्रॅम दर नूतनीकरणाला नवी किल्ली काढतो. ३ १ १ रेकॉर्ड तिथेच तुटतो आणि डेन पाळणाऱ्यांकडून येणारी मेल अडकते. एकतर सर्टबॉटला जुनीच किल्ली वापरायला सांगणारं ‘रीयूज-की’ लावा, नाहीतर नव्या किल्लीचा रेकॉर्ड जुन्याच्या शेजारी आधीच टाका, टीटीएल (इतरांकडे जुनी नोंद साठून राहायची मुदत) उलटू द्या, नवी फाइल डेनटूलला देऊन जुळते का बघा, आणि मगच सर्व्हरवर चढवा. जुना रेकॉर्ड त्यानंतर काढायचा.