अपाला: बाळनावांच्या एका ॲपची एका नावावर घेतलेली परीक्षा

भाचीचा जन्म कृत्तिकेच्या पहिल्या चरणावर झाला, त्यामुळे जन्मनक्षत्राच्या चरणावरून नावाचे आद्याक्षर सांगणाऱ्या अवकहडा चक्राप्रमाणे तिच्या वाट्याला 'अ' हे अक्षर आले. बारशाला कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा असल्याने शोधाची जबाबदारीही माझ्याकडेच आली. वहिनीची अट एकच होती: वर्गात त्या नावाची दुसरी मुलगी नको. गार्गी आणि मैत्रेयी ही उपनिषदातली नावे आता शाळेच्या हजेरीपटावर सर्रास दिसतात, म्हणून मी आणखी मागे, ऋग्वेदापर्यंत गेले आणि 'अपाला' या नावाशी थांबले. ते कितपत दुर्मीळ आहे आणि त्याचा अर्थ काय, हे पाहण्यासाठी बाळनावांचे एक ॲप फोनवर उतरवून घेतले आणि सुमारे तीन आठवडे वापरले. हे परीक्षण त्या वापराचे आहे. ॲपचे नाव देत नाही, कारण पडताळणीसाठी आणखी तीन ॲपे उघडली तेव्हा अर्थ, स्वल्पविराम आणि शुद्धलेखनाच्या चुका यांच्यासह तोच मजकूर चारही ठिकाणी आढळला. एकट्यालाच बोल लावणे अन्यायाचे होईल.

आधी जे चांगले आहे ते सांगते. अक्षर, रास, नक्षत्र किंवा नावातील अक्षरांची संख्या यांपैकी काहीही निवडून यादी गाळता येते, इंटरनेट नसतानाही ॲप चालते आणि आवडलेली नावे बाजूला ठेवता येतात. भाऊ आणि वहिनी यांनी आपापल्या फोनवर स्वतंत्रपणे निवड केली, तर दोघांना आवडलेली सामाईक नावे ॲप वेगळी काढून दाखवते. ही सोय खरोखर उपयोगाची आहे, कारण तीमुळे आमच्या घरातले निदान दोन वाद टळले. आई-वडिलांच्या नावांतली अक्षरे जोडून नवे नाव घडवून देणारा विभागही आहे, पण त्यातून निघालेली नावे उच्चारून पाहिल्यावर तो विभाग आम्ही पुन्हा उघडला नाही.

खरी परीक्षा नावाच्या पानावर होते. 'अपाला' शोधल्यावर तीन ओळी येतात: अर्थ, सर्वांत सुंदर; उगम, हिंदू; लोकप्रियता, रंगीत पट्टीवर मध्यम. शेजारी उच्चार ऐकवणारे बटण आहे. ते दाबले असता एका गोड यांत्रिक आवाजाने 'आपला' असे ऐकवले. ॲपचा मूळ साठा रोमन लिपीत असल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तिथेच गळून पडतो आणि अपाला, अपला, आपला ही तिन्ही रूपे एकाच अक्षरमालेत जमा होतात. मुलीच्या कानात 'आपला' असे सांगणाऱ्या आत्येची जी शोभा झाली असती, ती कल्पना करूनच मी बटण बंद केले.

अर्थाची ओळ अधिक गंभीर आहे. मोनियर-विल्यम्स यांच्या १८९९ च्या संस्कृत-इंग्रजी कोशात 'अपाल' या विशेषणाचा अर्थ रक्षण नसलेला, राखणदार नसलेला असा दिला आहे. पाल म्हणजे राखणारा, जसा गोपाल किंवा द्वारपाल. त्याला नकारार्थी 'अ' लागला की जिला कोणी राखणारा नाही ती अपाला. यात सौंदर्याचा दूरान्वयानेही संबंध नाही. मग 'सर्वांत सुंदर' आले कोठून? माझा तर्क असा की, ते शब्दातून आलेले नसून कथेतून आलेले आहे, आणि त्यासाठी ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातले एक्याण्णवावे सूक्त पाहावे लागते.

हे सूक्त अवघ्या सात ऋचांचे आहे आणि अनुक्रमणी, म्हणजे सूक्तांच्या ऋषींची प्राचीन सूची, त्याचे ऋषित्व अत्रिकन्या अपालेकडे देते. पाण्याकडे उतरलेल्या एका मुलीला वाटेत सोम सापडतो. तो कुटायला दगड नाहीत, म्हणून ती तो दातांनी चावून त्याचा रस काढते आणि इंद्राला अर्पण करते. त्या बदल्यात ती तीन जागी उगवण मागते: वडिलांच्या डोक्यावर, शेतात आणि स्वतःच्या अंगावर, पोटाखाली. वडिलांचे टक्कल आणि नापीक शेत एकाच मागणीत बसवणारी ही मुलगी मला पहिल्या वाचनातच आवडली. शेवटच्या ऋचेत इंद्र तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जोखडाच्या छिद्रातून तीनदा शुद्ध करतो आणि 'सूर्यत्वचम्', म्हणजे सूर्यासारख्या त्वचेची करतो. पुढच्या काळातल्या ग्रंथांनी या सात ऋचांभोवती सविस्तर कथा रचली. तिला त्वचारोग होता, असे ऋग्वेदातील देवता आणि त्यांच्या कथा सांगणाऱ्या बृहद्देवता या ग्रंथात येते. पतीने तिला टाकले होते, असे सायणाचार्यांच्या भाष्यात उद्धृत केलेली कथा सांगते. गळून पडलेल्या तीन त्वचांतून साळिंदर, घोरपड आणि सरडा झाले, हा तपशीलही बृहद्देवतेचाच आहे. 'सर्वांत सुंदर' हा अर्थ म्हणजे बहुधा त्या सूर्यत्वचेचा, कोणीतरी घाईत केलेला सारांश आहे. नावाचा अर्थ आणि त्या नावाच्या व्यक्तीची गोष्ट या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे ॲपला समजत नाही, आणि दुर्मीळ नावाच्या बाबतीत ही गल्लत अधिक नडते, कारण चूक दाखवून देणारी त्या नावाची माणसेच आसपास नसतात.

'उगम, हिंदू' याविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. उगम भाषेचा विचारला जातो आणि उत्तर धर्माचे मिळते. संस्कृत, प्राकृत, फारसी, तमिळ अशी वर्गवारी केली असती तर तोच रकाना उपयोगी ठरला असता.

लोकप्रियतेच्या पट्टीने मात्र माझा बराच वेळ घेतला. रोमन लिपीत शेवटी एक स्वर लिहिला तर पट्टी मध्यम दाखवते, दोन लिहिले तर दुर्मीळ; म्हणजे मूल तेच, नाव तेच आणि दुर्मीळपणा स्पेलिंगवर अवलंबून. पट्टीमागचा आधार कोठेही दिलेला नाही, आणि तो असणेही कठीण आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा प्रशासन जन्मवर्षानुसार नावांची आकडेवारी जाहीर करते आणि ती १८८० पासूनच्या जन्मांची उपलब्ध आहे. तरीही एखाद्या वर्षी पाचांहून कमी मुलांना दिलेले नाव खासगीपणासाठी त्यातून वगळले जाते. इंग्लंड आणि वेल्सच्या यादीत ही मर्यादा तीनची आहे. म्हणजे जिथे मोजणी चोख होते, तिथेही अतिदुर्मीळ नाव यादीच्या बाहेरच राहते. आपल्याकडे नगरपालिका आणि ग्रामपंचायती जन्मनोंदणी करतात, परंतु कोणते नाव किती मुलींना दिले गेले याची अशी वार्षिक यादी प्रसिद्ध होत नाही. मतदारयाद्या चाळता येतात खऱ्या, पण त्यांत अठरा वर्षांवरचीच नावे असल्याने त्या पाळण्यातल्या पिढीविषयी काहीच सांगत नाहीत. तेव्हा ही पट्टी बहुधा ॲपमध्ये ते नाव किती वेळा शोधले गेले एवढेच मोजत असावी. तसे असेल तर तीन आठवड्यांत मी स्वतःच 'अपाला'ची लोकप्रियता थोडी वाढवून ठेवली आहे.

आणखी एक खोड नोंदवावीशी वाटते. नाव निश्चित केले नाही, तर ॲप दर दोन दिवसांनी आठवण करते आणि तिचा सूर मुदत संपत आल्यासारखा असतो. प्रत्यक्षात जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार एकवीस दिवसांत द्यायची असते ती जन्माची वर्दी. नाव नंतरही घालता येते: नोंदणीपासून बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. अर्थात पंधरा वर्षे थांबायला कोणी सांगत नाही, परंतु चुकीच्या अर्थाचे नाव घाईने दाखल्यावर चढवण्यापेक्षा महिनाभर कोश चाळणे केव्हाही बरे.

घरी मी खरा अर्थ सांगितला तेव्हा आईने तोंड वाकडे केले. जिला कोणी राखणारा नाही असे नाव लेकीला ठेवायचे का, हा तिचा प्रश्न रास्त आहे, आणि गार्गी-मैत्रेयींच्या पाठोपाठ अपाला हजेरीपटावर का आली नाही याचे उत्तरही बहुधा त्यातच आहे. वहिनीला मात्र राखणदाराची गरज नसलेली, असा अर्थ लावावासा वाटतो. व्याकरणाला तो फारसा मान्य होणार नाही, पण दातांनी सोम चावणाऱ्या मुलीला तो शोभून दिसतो. निर्णय अजून झालेला नाही.

ॲपमध्ये चूक कळवण्याचा एक अर्ज आहे. त्यात मी कोशातला अर्थ आणि सूक्ताचा क्रमांक सविस्तर लिहून पाठवला, आणि आठवडाभराने पान खरोखरच बदललेले दिसले. आता तिथे 'अर्थ, सर्वांत सुंदर, असुरक्षित' असे लिहिले आहे. उगम हिंदूच आहे आणि बटण दाबल्यावर अजूनही 'आपला' असेच ऐकू येते. पाचांपैकी दोन तारे मी दिले आहेत, ते सामाईक यादीच्या सोयीसाठी.