सोयाबीनची वडी की जवस? मधुमेहात मूत्रपिंड जपताना

मधुमेही बाबांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन, म्हणजे मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण, निघालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, प्रथिनं मोजून खा आणि जमेल तितकी वनस्पतींची घ्या. राजेंद्रनगरला घरी पोचताच आईनं विचारलं, "म्हणजे सोयाबीन की जवस?" इंदुरात दोन्ही हाताशी. माळव्याचं पीकच सोयाबीनचं, त्यावरची राष्ट्रीय संशोधन संस्थाही १९८७ पासून इथलीच. जवस सियागंजच्या बाजारात मिळतं.

प्रथिनांसाठी मी सोयाबीनच निवडेन. ३० ग्रॅम सुक्या वड्यांत साधारण १५ ग्रॅम प्रथिनं असतात, तेवढ्याच मूगडाळीत जेमतेम ७. माणसांवरचा पुरावाही आहे. इराणमध्ये मधुमेहानं मूत्रपिंडाला इजा झालेल्या ४१ जणांना चार वर्षं तपासलं. प्रथिनं सगळ्यांना सारखीच, वजनाच्या किलोमागे रोज ०.८ ग्रॅम. फक्त एका गटात प्राणिज प्रथिनांपैकी निम्म्यांच्या जागी सोयाबीन दिलं. त्या गटात लघवीतून जाणारी प्रथिनं घटली, वाईट कोलेस्टेरॉलही उतरलं. माणसं थोडी, पण चार वर्षं काही कमी नव्हेत. मांसाहारानंतर मूत्रपिंडाच्या गाळण्यांवर ताण वाढतो, सोयाबीननं तितका वाढत नाही, असं कारण सांगतात.

जवसाच्या दोन चमचे पुडीत प्रथिनं अंदाजे ३ ग्रॅमच. मूत्रपिंडाला फायदा दिसला तो मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांत. तरी तंतू आणि ओमेगा-३ साठी ते ठेवावंच. अख्खं जवस न पचता निघून जातं, म्हणून थोडं थोडं दळावं. चटणी करून खाल्लंत तर मीठ वाढतं, आणि दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं. आम्ही बिनमिठाची पूड दह्यात घालतो.

रक्तात पोटॅशियम वाढलेलं असेल किंवा मूत्रपिंडाचं काम बरंच मंदावलं असेल, तर मात्र वड्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, त्यांत पोटॅशियम भरपूर असतं. डायलिसिसवर तर हिशोबच बदलतो, प्रथिनं जास्त लागतात.

आम्ही पहिल्यांदा चुकलो ते इथे: पनीर तसंच ठेवून वर वड्या वाढवल्या. बाबांचं वजन ६० किलो, म्हणजे किलोमागे ०.८ ग्रॅमनं दिवसाला ४८ ग्रॅम प्रथिनं. आता वड्यांच्या दिवशी पनीर नाही, वरणही अर्धी वाटी. वड्या उकळून ते पाणी फेकते. आई थायरॉइडची गोळी घेते, सोयाबीननं ती कमी शोषली जाते, म्हणून तिच्या ताटात वड्या गोळीनंतर चार तासांनीच.