मुलाचं "अरेस्ट रेकॉर्ड सापडलंय" म्हणून पैसे काढणाऱ्या साइट्स : अमेरिकेतलं स्थळ बघताय तर हे वाचा

ज्यांच्या घरी सध्या अमेरिकेतल्या मुलांची स्थळं येतायत त्यांनी हे जरूर वाचावं, कारण आमच्या ताईच्या घरी यावरून पैसे तर गेलेच पण एक चांगलं जमत आलेलं स्थळ मोडायची वेळ आली होती.

मी टेक्सासला प्लेनोमध्ये राहते, ताई आणि भाऊजी पुण्यात. भाचीसाठी एक स्थळ आलं, मुलगा सांगलीचा, 2018 ला एमएस करायला इकडे आला आणि आता फ्रिस्कोमध्ये नोकरीला आहे, म्हणजे माझ्या घरापासून अगदी जवळ. पत्रिका जुळली, व्हिडिओ कॉल झाले, भाचीला मुलगा आवडला. आता परदेशातल्या मुलाची चौकशी करायची हे भाऊजींचं अगदी बरोबरच होतं, आधीचं लग्न लपवलेली, मारझोड केलेली प्रकरणं आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत, मुलीच्या बापाने डोळे झाकून बसावं असं कोणीच म्हणणार नाही. तर त्यांनी रात्री मुलाचं नाव आणि "काउंटी अरेस्ट रेकॉर्ड" (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, अरेस्ट रेकॉर्ड म्हणजे अटकेची नोंद) असं गूगलवर टाकलं आणि सगळ्यात वर जी जाहिरात आली ती उघडली.

ती साइट मी नंतर स्वतः उघडून बघितली म्हणून सांगते. नाव टाकलं की लगेच उत्तर येत नाही. एक हिरवी पट्टी हळूहळू सरकत राहते, "काउंटी कोर्ट तपासत आहोत", "जेल रेकॉर्ड तपासत आहोत", मग "गुन्हेगारी नोंदी तपासत आहोत", असं करत चांगली काही मिनिटं जातात. मधेच एक चौकट येते की पुढची माहिती तुम्हाला धक्कादायक वाटू शकते, तुमची तयारी आहे का, त्यावर टिक केल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. शेवटी लाल अक्षरात "या व्यक्तीच्या नावे अटकेची नोंद असू शकते" आणि खाली कार्ड नंबरचा रकाना, फक्त एक डॉलर. एवढं सगळं बघून बसलेला बाप एक डॉलर देणार नाही तर काय करणार, आणि तो देणारच हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं, सगळी रचनाच तशी केलेली आहे.

एक डॉलर ट्रायलचा होता, त्याखाली करड्या बारीक अक्षरात लिहिलेलं की काही दिवसांनी महिन्याचं सबस्क्रिप्शन आपोआप सुरू होईल. मग रिपोर्ट डाउनलोड करायचे वेगळे पैसे, "प्रीमियम क्रिमिनल डेटा" चे वेगळे. भारतातल्या कार्डावर बाहेरच्या साइटने पैसे घेतले तर बऱ्याचदा ओटीपी येतच नाही, त्यामुळे भाऊजींना कळलं ते थेट बँकेचे मेसेज आल्यावर. आणि यावरही कडी म्हणजे भाऊजींनी दिलेल्या नंबरवर एकाचा फोन आला, की रिपोर्टमध्ये "गंभीर बाब" आहे, आम्ही काउंटीकडून सर्टिफाइड कॉपी काढून देतो, 149 डॉलर. तेही त्यांनी भरले. ती कॉपी आजपर्यंत आलेली नाही.

आता त्या रिपोर्टमध्ये होतं काय ते बघा. वर लाल रंगात "क्रिमिनल रेकॉर्ड : 2". पहिली नोंद कॉलिन काउंटीची, मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा) क्लास सी. दुसरी हॅरिस काउंटीची म्हणजे ह्यूस्टनची, 2009 सालची, मारहाणीच्या आरोपाखाली अटक. ताईच्या पायाखालची वाळूच सरकली, तिने रात्री दोन वाजता मला फोन केला, मुलाच्या आईला नकार कळवून टाकूया म्हणायला लागली. मी तिला म्हटलं ताई थांब, मला आधी तो कागद पाठव.

2009 ला हा मुलगा सांगलीत शाळेत होता हो, चौदा वर्षांचा. रिपोर्टमध्येच त्या ह्यूस्टनवाल्या माणसाचं वय 51 लिहिलेलं, फक्त नाव आणि आडनाव सारखं. आडनाव असं आहे की कोल्हापूरपासून जळगावपर्यंत प्रत्येक गावात दहा घरं निघतील. वर आपलं मधलं नाव वडिलांचं असतं हे त्या साइटच्या डेटाबेसला कुठून कळणार, त्यांनी मुलाच्या वडिलांचं नाव चक्क "इतर वापरलेली नावं" मध्ये टाकलं होतं, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की हा मुलगा नाव बदलून फिरतोय!

पहिली नोंद मात्र खरंच त्याची होती. ती मी काउंटीच्या साइटवर शोधली आणि ते कसं करायचं हे नीट सांगते, कारण सगळी गोम इथेच आहे. एकट्या टेक्सासमध्ये अशा 254 काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं दप्तर वेगळं. कोणाला अटक झाली की बहुतेक वेळा काउंटीच्या जेलमध्ये नोंद होते, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, ते जेल शेरीफच्या म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या ताब्यात असतं आणि सध्या आत कोण आहे ते शेरीफच्या साइटवर फुकट बघता येतं. पण ती यादी फक्त अटकेची. पुढे सरकारी वकिलाने केस दाखल केली की नाही आणि कोर्टात काय झालं हे कोर्टाच्या दप्तरात, क्लार्ककडे असतं, आणि कॉलिन काउंटीचं ते सर्चही ऑनलाइन आणि फुकट आहे. नाव टाकायचं, केस नंबर, तारीख, आरोप दिसतात आणि शेवटी "डिस्पोझिशन" म्हणून जे असतं ते वाचायचं, निकाल तिथे असतो. "डिसमिस्ड" म्हणजे केस काढून टाकली, "अक्विटेड" म्हणजे निर्दोष सुटला, "कन्व्हिक्टेड" किंवा "गिल्टी" म्हणजे दोषी, आणि "डिफर्ड" असेल तर कोर्टाने अटी घालून निकाल पुढे ढकललाय, त्या पाळल्या तर दोषी ठरवत नाहीत. नुसती अटक म्हणजे पोलिसांना त्या वेळी संशयाला पुरेसं कारण वाटलं, याच्यापलीकडे काही सिद्ध होत नाही.

तर या मुलाच्या नावासमोर काय होतं, हायवे 75 वर स्पीडिंगचं टिकीट! टेक्सासमध्ये स्पीडिंगसुद्धा कायद्याने क्लास सी मिसडिमीनर असतं, म्हणजे फक्त दंडाचा गुन्हा, तुरुंगवास नाही. राज्याच्या ट्रूपरने म्हणजे राज्य पोलिसाने पकडलेलं म्हणून केस जस्टिस ऑफ द पीसच्या (काउंटीतल्या किरकोळ केसेसच्या) कोर्टात गेली, मुलाने डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा म्हणजे सुरक्षित गाडी चालवायचा कोर्स केला आणि केस डिसमिस. अटक झालेलीच नव्हती. इकडे गाडी चालवणाऱ्या निम्म्या मराठी मंडळींकडे असं एखादं टिकीट निघेल.

आणि समजा अटक झालेली असती तरी कशासाठी ते बघायला नको का? याच टेक्सासमध्ये लागो व्हिस्टा नावाच्या गावात 1997 मध्ये दोन मुलांना घेऊन चाललेल्या एका आईला सीटबेल्ट लावला नाही म्हणून बेड्या घालून जेलमध्ये नेलं होतं, ज्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त 50 डॉलर होता, आणि 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की अशी अटक घटनेत बसते. तिच्याही नावावर अरेस्ट रेकॉर्ड लागलंच ना. म्हणून म्हणते, "अरेस्ट" शब्द बघून कोणाचं चारित्र्य ठरवू नका.

पण उलट बाजूही सांगते. केस डिसमिस झाली म्हणजे विचारायचंच नाही असं अजिबात नाही, विशेषतः आरोपात "फॅमिली व्हायोलन्स" म्हणजे घरातली मारहाण असे शब्द दिसले तर मुलाला स्पष्ट विचारा, फाइल वाचा, वाटलं तर वकिलाला दाखवा. आणि ज्या एका गोष्टीसाठी मुलीकडच्यांचा जीव खरा टांगणीला लागलेला असतो, म्हणजे आधी लग्न आणि घटस्फोट झालाय का, ते या विकत घेतलेल्या रिपोर्टमध्ये एका ओळीनेही नव्हतं. घटस्फोटाच्या केसेस त्याच काउंटीच्या कोर्ट सर्चमध्ये फॅमिली केसेसमध्ये सापडतात. मी तेही बघितलं, काही नव्हतं.

एक अडचण लक्षात ठेवा, शहर आणि काउंटी एक नसतात. फ्रिस्को अर्धं कॉलिनमध्ये आणि अर्धं डेंटन काउंटीत आहे, त्यामुळे मला दोन्हीकडे बघावं लागलं. शहराच्या पोलिसांनी दिलेलं टिकीट शहराच्या म्युनिसिपल कोर्टात असतं, काउंटीत दिसणार नाही. मुलगा आधी दुसऱ्या राज्यात शिकला असेल तर तिथली काउंटी वेगळी बघायची. आणि सरकारी साइट ओळखताना पत्त्यात डॉट गव्ह आहे का एवढंच बघू नका, डॅलस काउंटीचा पत्ता डॉट ऑर्ग आहे, तर पैसे मागणाऱ्या साइट्सच्या नावातसुद्धा "काउंटी" आणि "रेकॉर्ड्स" हे शब्द मुद्दाम घातलेले असतात. जाहिरात लिहिलेलं सोडून खाली या, काउंटीच्या मुख्य पानावर जा आणि तिथून शेरीफ किंवा क्लार्क निवडा. सर्टिफाइड कॉपी लागलीच तर क्लार्क थोडक्या डॉलरमध्ये देतात, 149 कुठेच लागत नाहीत.

आमच्याकडून कुठल्या साइटने पैसे घेतले ते मी इथे लिहीत नाही. पण हा धंदा किती मोठा आहे ते यावरून कळेल की सप्टेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) ट्रुथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट या दोन मोठ्या साइट्सकडून 58 लाख डॉलर दंड घेतला, आणि त्यातला एक आरोप हाच होता की नुसतं ट्रॅफिक टिकीट असताना लोकांना "क्रिमिनल किंवा अरेस्ट रेकॉर्ड" आहे असं सांगितलं. त्याआधी 2018 मध्ये कॅलिफोर्नियात एका साइटच्या चार जणांवर खंडणीचे गुन्हे दाखल झाले, ते अटकेचे फोटो छापायचे आणि काढायला पैसे मागायचे. टेक्सासमध्ये 2013 पासून कायदा आहे की चुकीची किंवा अर्धवट नोंद दुरुस्त करायला अशा धंदेवाल्यांना पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे ज्या मुलांची नावं अशी चुकीची लागली असतील त्यांनी एक पैसा देऊ नये, लेखी तक्रार करावी.

मला सगळ्यात राग कशाचा येतो तर तो मुलगा, ज्याने काहीच केलेलं नाही, त्याला कळलंसुद्धा नसतं. ताईने नकार कळवला असता, कारण म्हणून पत्रिकेचं किंवा मुलगी तयार नाही असलं काहीतरी सांगितलं असतं, आणि ही गोष्ट नात्यात एकाकडून दुसऱ्याकडे गेली असती, प्रत्येक वेळी थोडी वाढून. मी ताईला म्हटलं की सरळ विचारा. भाऊजींनी विचारलं, मुलाने त्याच संध्याकाळी टिकीटाचा आणि कोर्सच्या सर्टिफिकेटचा फोटो पाठवला आणि म्हणाला काका, अजून काही बघायचं असेल तर सांगा.

पैशाचं असं झालं की भाऊजींनी आधी बँकेच्या ॲपमधून कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद केले, ती सोय 2020 पासून रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना द्यायला लावली आहे. मग साइटला ईमेलवर सबस्क्रिप्शन रद्द करायला सांगितलं, फोनवर नाही, म्हणजे पुरावा राहतो, आणि बँकेत लेखी डिस्प्यूट घातला. सबस्क्रिप्शनचे पैसे परत आले. 149 डॉलरचं प्रकरण अजून चालू आहे, फोनवरचा तो माणूस आता उचलत नाही, तो नंबर आम्ही फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीत आणि भारतातल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर दोन्हीकडे दिलाय.