शिडाच्या बोटीवरचा सोलापुरी शिधा: कडक भाकरी, शेंगाचटणी, टॉवेल आणि चादर

सोलापूरच्या कडक भाकरीची परीक्षा सोलापुरात घेण्यात फारसा अर्थ नाही. पावसाळा सोडला तर येथील हवा इतकी कोरडी असते की फडक्यात गुंडाळून ठेवलेली भाकरीही दिवसेंदिवस कडकडीत राहते. निवृत्तीनंतर मी आणि माझी पत्नी वर्षातील निम्मे महिने एका जुन्या, ३८ फुटी शिडाच्या बोटीवर राहतो. ही बोट मलेशियातील लंकावी बेटावर असते आणि तेथून थायलंडच्या फुकेतपर्यंतचा अंदमान समुद्राचा पट्टा हा आमचा फिरण्याचा टापू आहे. शिडे, नकाशे आणि हवामान पत्नी पाहते. स्वयंपाक आणि शिधा माझ्याकडे आहे. नवी पेठ, चाटी गल्ली आणि अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसी येथून आम्ही नेलेल्या वस्तू त्या दमट, खारट हवेत कशा टिकल्या, याचा हा अभिप्राय आहे.

आधी परिस्थिती सांगणे आवश्यक आहे. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात त्या किनाऱ्यावर ईशान्येचा वारा जमिनीकडून वाहतो, त्यामुळे समुद्र बहुधा शांत असतो आणि आमच्यासारखी वयस्कर जोडपी याच काळात फिरतात. मे महिन्यापासून नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, मलाक्काच्या सामुद्रधुनीत पहाटेच्या सुमारास ‘सुमात्रा’ नावाची वादळी वाऱ्यापावसाची फळी येऊ लागते आणि आम्ही बोट धक्क्याला बांधून घरी परततो. बोटीवर वीज सौर पट्ट्यांतून येते आणि तिचा सर्वांत मोठा वाटा लहानसा फ्रीज खातो. गोडे पाणी टाकीत असेल तेवढेच. पाण्याच्या काटकसरीविषयी मात्र सोलापूरकराला कोणी शिकवण्याची गरज नाही. काही दिवसांआड येणाऱ्या नळावर संसार केलेल्या माणसाला एका तांब्यात भांडी विसळणे जड जात नाही, आणि धक्क्यावरच्या इतर देशांच्या मंडळींना याचे जे नवल वाटते, त्याचे मला नवल वाटते.

अशा ठिकाणी फ्रीज न मागणारे, शिजवण्यास पाणी न लागणारे आणि वजनाला हलके असे अन्न लाखमोलाचे ठरते. डाळ, तांदूळ, कढीपत्ता हे सारे मलेशियात सहज मिळते, कारण तेथे तमिळ वस्ती मोठी आहे. ते येथून नेण्याचा खटाटोप करू नये. ज्वारीचे पीठही नेऊ नये. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडीचे पीठ कितीही उत्तम असले, तरी काही आठवड्यांत त्याची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडेला चिरते, आणि हलत्या बोटीवर परातीतले पाणी पिठात कमी व जमिनीवर जास्त पडते. कडक भाकरी मात्र या सर्व कटकटींतून सुटलेली आहे. आम्ही बाजरीची आणि ज्वारीची अशा दोन्ही प्रकारच्या नेतो. बाजरीची, तीळ लावलेली भाकरी चवीला सरस आहे. तथापि बाजरीतील स्निग्धांशामुळे तिला कडवट वास लवकर येतो. ज्वारीची भाकरी तुलनेने सपक, पण टिकण्यात निर्विवाद पहिली. लांबच्या मुक्कामासाठी निवड करायची झाल्यास मी ज्वारीच्या बाजूने मत देईन आणि बाजरीची पहिल्या पंधरवड्यात संपवीन.

तिचे खरे मोल रात्रीच्या प्रवासात कळते. लंकावीहून फुकेतला बेटे घेत घेत न जाता थेट जायचे तर सुमारे १२० सागरी मैलांचे अंतर पडते, आणि ताशी पाच नॉट, म्हणजे साधारण नऊ किलोमीटर, या वेगाने त्याला एक अख्खा दिवस आणि रात्र लागते. अशा वेळी एकाने झोपायचे आणि दुसऱ्याने तीन-तीन तासांची पाळी करायची असा आमचा रिवाज आहे. क्षितिजावर म्हाकूळ धरणाऱ्या थाई बोटींचे हिरवे दिवे लागलेले असतात, त्यांच्यातून वाट काढायची असते, आणि चूल पेटवून काही करावे अशी लाटांची परवानगी नसते. तेव्हा एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने खाता येईल, सांडणार नाही, आणि पोट ढवळत असताना घशाखाली उतरेल असे दुसरे अन्न मला सापडलेले नाही. कोरडी भाकरी हळूहळू चावत राहिले की मळमळ आटोक्यात राहते, असा आम्हा दोघांचा अनुभव आहे. सोबतीला संध्याकाळीच थर्मासमध्ये भरून ठेवलेले हुलग्याचे माडगे (पातळ कढण) असावे. त्यात लसूण जरा सढळ हाताने घालावा.

आता दोष. भाकरी उत्तम आणि तिचे वेष्टन भिकार, हे सोलापूरच्या बहुतेक उत्पादकांना, बचत गटांना आणि मोठ्या दुकानांनाही, सारखेच लागू आहे. पातळ प्लास्टिकची पिशवी, वर मेणबत्तीच्या किंवा मशीनच्या आचेने कशीबशी चिकटवलेली कड, आणि त्याभोवती पुठ्ठ्याचे खोके, एवढीच ही व्यवस्था असते. विमानाच्या सामानात त्या भाकरीचा चुरा होतो. बोटीवर पिशवी एकदा उघडली की दुसऱ्या सकाळपर्यंत भाकरी सादळते आणि चिवट होते. सादळलेली भाकरी मंद आचेच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी धरली तर पुन्हा कडक होते, पण ती त्याच बैठकीत संपवावी लागते. खोके तर बोटीवर न्यायचेच नाही: पुठ्ठ्याच्या घड्यांमध्ये झुरळांची अंडी येतात, आणि बोटीत शिरलेले झुरळ पुन्हा बाहेर काढणे हे शीड दुरुस्त करण्यापेक्षा अवघड काम आहे. आम्ही खोके धक्क्यावरच टाकतो आणि भाकऱ्या गोल स्टीलच्या डब्यात, वर-खाली ताटली ठेवून, चार-चारांच्या हवाबंद पाकिटांत भरतो. हे काम खरे तर उत्पादकाने करावयास हवे. चार भाकऱ्यांचे जाड, हवाबंद पाकीट कोणी काढले, तर त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यास आमची तयारी आहे.

शेंगाचटणीबद्दल मत थोडे विभागलेले आहे. उखळात कुटलेली, तेल सुटून मुठीत गोळा होणारी चटणी चवीला अजोड आहे, आणि मिक्सरमधून काढलेल्या भुकटीला तिची सर नाही. परंतु शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. उष्णता, उजेड आणि हवा लागली की ते खवट होते, आणि कुटताना सुटलेल्या तेलाला ही भीती अधिक. एका नामांकित म्हणवणाऱ्या दुकानातून घेतलेला मोठा पुडा लंकावीला उघडला तेव्हाच त्याला जुन्या तेलाचा वास होता, आणि पुड्यावर तयार केल्याची तारीख शाईने अशी उमटवलेली होती की अंक वाचता येऊ नयेत. तेव्हापासून मी कुटताना समोर उभे राहता येईल अशाच ठिकाणी चटणी घेतो, लसूण कोरडा परतून घालण्यास सांगतो, पाव किलोपेक्षा मोठे पाकीट घेत नाही आणि डबा गळ्यापर्यंत दाबून भरतो. अशी भरलेली चटणी संपूर्ण हंगाम चांगली राहिली. दह्यात कालवून कडक भाकरीच्या चुऱ्यावर घातली की फुकेतच्या कोणत्याही किनारी उपाहारगृहाकडे पाहण्याची इच्छा उरत नाही, निदान मला; पत्नीचे मत तेथील माशांमुळे वेगळे आहे.

टॉवेलच्या बाबतीत सोलापूरने आम्हाला निराश केले नाही, मात्र निवड विचारपूर्वक करावी लागते. दुकानदार जाडजूड, ६०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचा) टॉवेल पुढे करतो, कारण तो हाताला भारी लागतो. बोटीवर तो निरुपयोगी आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेते, आणि त्या समुद्रावर रात्री आर्द्रता बहुधा त्याहून अधिकच असते. त्यामुळे खाऱ्या पाण्याने भिजलेला टॉवेल दिवसभर उन्हात वाळवला तरी रात्री पुन्हा ओलसर होतो. तो गोड्या पाण्यात पिळावाच लागतो, आणि जाड टॉवेलला ते पाणी दुप्पट लागते. ३५० ते ४०० जीएसएमचा साधा, दोन्ही बाजूंनी फंदे असलेला टॉवेल घ्यावा. तो डोलकाठीच्या दोरीवर तासाभरात वाळतो. आमचे टॉवेल कडेने विरले नाहीत, फक्त गडद रंगाचे उन्हाने फिके पडले, म्हणून पांढरे किंवा फिके रंगच बरे.

चादरीने मात्र मला पेचात टाकले. भौगोलिक मानांकन मिळालेली, जकार्ड मागावर विणलेली ती जाड सुती चादर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ती बोटीवर नसावी हे मला पटत नव्हते. केबिनमध्ये ती खरोखरच नसावी. तेथे अंगावर पंचाही नकोसा होतो आणि घडी घालून ठेवलेली चादर ओल धरून कुबट होते. डेकवर पहाटेच्या पाळीला वारा सुटला की मात्र तिच्याइतके उबदार आणि दव पडले तरी अंगाला न चिकटणारे पांघरूण आमच्यापाशी नाही. म्हणून दोन माणसांत एकच न्यावी, एकेरी आकाराची, कारण दोघे एकाच वेळी पाळीला बसत नाहीत.