३० मिलिमीटरने गाडी उतरवणारा स्प्रिंगांचा संच: घरी बसवून घेतलेला अनुभव

माझ्या दुसऱ्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ च्या मागच्या डाव्या स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा तुटलेला आढळला, तेव्हा चारही स्प्रिंगा बदलण्याचा निर्णय मी घेतला. स्प्रिंग बहुतेक वेळा तिथेच तुटते, कारण तळाच्या बैठकीशी घासून रंगाचा थर निघतो, उघड्या पोलादावर पाणी आणि वाळू साचते, गंजाने बारीक खड्डा पडतो आणि रोजच्या दाबाखाली त्या खड्ड्यातून चीर वाढत जाते. एका ॲक्सलवर (पुढच्या किंवा मागच्या दोन चाकांच्या जोडीवर) एक जुनी आणि एक नवी स्प्रिंग ठेवणे योग्य नसल्याने किमान जोडी बदलावीच लागते. गाडी मूळ उंचीपेक्षा ३० मिलिमीटर खाली बसवणारा, प्रोग्रेसिव्ह पद्धतीच्या चार स्प्रिंगांचा एक संच मी निवडला आणि तो घरीच बसवला. हे परीक्षण त्या संचाचे आहेच, पण तो बसवण्याच्या कामाचेही आहे, कारण या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्यामुळे मी या स्प्रिंगांवर जवळजवळ अन्याय केला होता.

खोक्यातून बाहेर काढल्यावर स्प्रिंगांचे काम नीटस वाटले. रंगाचा थर जाड आणि सलग होता, वेढ्यांच्या आतल्या बाजूलाही तो कुठे विरळ झालेला नव्हता, आणि प्रत्येक स्प्रिंगवर ती पुढची की मागची हे न पुसले जाईल असे छापलेले होते. एका टोकाचे वेढे जवळजवळ आणि दुसऱ्या टोकाचे सुटे होते. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचे सारे कार्य याच रचनेत आहे: भार वाढला की जवळचे वेढे आधी एकमेकांना टेकतात, काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या कमी होते आणि स्प्रिंग अधिक ताठ होत जाते. मात्र सोबतच्या पत्रकात ताठरपणाचा आकडा कुठेही दिलेला नव्हता, ही मला मोठी उणीव वाटते. स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो; बाकी सर्व मापे तीच ठेवून १० मिलिमीटरची तार ११ मिलिमीटरची केली, तर तो सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. एवढ्याशा फरकाने गाडीचा स्वभाव बदलत असताना ग्राहकाला केवळ गाडी किती खाली जाईल एवढेच सांगणे पुरेसे नाही.

या गाडीत चारही चाकांना डबल विशबोन (चाकाला चासीशी जोडणारे, वरखाली हलणारे दोन आडवे हात) आहेत, आणि स्प्रिंग तिची उसळी आवरणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरभोवतीच बसवलेली असते. त्यामुळे शॉक आणि स्प्रिंग एकत्र बाहेर काढून, स्प्रिंग दाबून धरून वरचा नट सोडवावा लागतो. वरच्या जोडणीचे नट पुढे बॉनेटखाली आणि मागे डिकीत मिळतात. खालचे बोल्ट वर्षानुवर्षे चिखलात राहिलेले असतात, म्हणून मी दोन दिवस आधीपासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारत होतो. गाडी सपाट जागी घोड्यांवर (लोखंडी आधारांवर) ठेवली, केवळ जॅकच्या भरवशावर नाही. अँटीरोल बारच्या (दोन्ही बाजूंची चाके जोडून गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंच्या सोडवल्या, कारण एकच सोडवली तर दुसरे चाक बारमधून विशबोनला वर धरून ठेवते आणि शॉक बाहेर यायला जागा होत नाही. ब्रेकच्या नळीवर हबचा (चाक ज्यावर बसते त्या भागाचा) भार येऊ नये म्हणून तो तारेने बांधून ठेवला.

स्प्रिंग दाबण्याच्या टप्प्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि तो घालवलाच पाहिजे. मिलिमीटरला ३० न्यूटन ताठरपणाची स्प्रिंग १०० मिलिमीटर दाबली, तर ती ३,००० न्यूटनने, म्हणजे सुमारे ३०० किलो भाराएवढ्या जोराने, सुटायला पाहत असते, आणि तिच्यात साठलेली १५० ज्यूल ऊर्जा १५ किलोचे वजन एक मीटरवरून पडावे एवढी असते. स्प्रिंग दाबणारे दोन कॉम्प्रेसर एकमेकांच्या बरोबर समोर लावावेत, त्यांच्या हुकांमध्ये जास्तीत जास्त वेढे घ्यावेत, आट्यांना ग्रीस लावावे, आणि दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या थोड्या आवळाव्यात. स्प्रिंग वाकडी होऊ लागली की थांबून पुन्हा बसवावी. स्प्रिंगच्या टोकाच्या रेषेत डोके किंवा हात कधीही नेऊ नये. मी भाड्याने आणलेल्या कॉम्प्रेसरपैकी एकाचे आटे झिजलेले होते; तो मी लगेच परत केला आणि दुसरा मिळेपर्यंत काम थांबवले.

वरचा नट सोडवताना शॉकचा दांडा ॲलन कीने धरून ठेवावा. इम्पॅक्ट पान्याने दांडा गरगर फिरतो आणि आतले सील खराब होऊ शकते. नव्या स्प्रिंगा जुन्यांपेक्षा आखूड असल्याने त्यांना दाबण्याची गरज बरीच कमी पडली. स्प्रिंगचे टोक खालच्या बैठकीच्या खाचेत नीट टेकले आहे, आणि चाक पूर्ण लोंबकळत असतानाही स्प्रिंग सैल पडत नाही, या दोन गोष्टी मी चारही ठिकाणी तपासल्या. या संचाने दोन्ही कसोट्या पार केल्या. आखूड स्प्रिंग सैल पडून जागेवरून सरकली तर चालत्या गाडीत ते फार धोकादायक ठरते.

त्या रात्री गाडी खाली उतरवली आणि माझी पूर्ण निराशा झाली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मी काम सुरू करण्यापूर्वी चारही बाजूंनी लिहून ठेवले होते. पुढचा भाग केवळ १४ मिलिमीटर खाली आला होता. जुन्या स्प्रिंगा वयाने थोड्या बसलेल्या असल्यामुळे पूर्ण ३० मिलिमीटरचा फरक दिसणार नाही हे मी जाणून होतो, पण निम्माही दिसू नये हे पटण्यासारखे नव्हते. शिवाय गाडी लहान खड्ड्यांवर विलक्षण कडक लागत होती. संच सदोष आहे असे माझे मत जवळजवळ पक्के झाले होते.

चूक मात्र माझ्या आवळण्यात होती. विशबोनच्या सांध्यात बसवलेल्या बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला पक्के चिकटलेले असते, आणि बोल्ट आवळला की आतली नळी चासीला जखडली जाते. त्यानंतर विशबोन हलतो तो रबर पिळूनच. मी ते बोल्ट चाके हवेत लोंबकळत असताना आवळले होते, त्यामुळे गाडी जमिनीवर येताच चारही बाजूंची रबरे पिळली गेली आणि तीच जादा स्प्रिंगा होऊन गाडीला वर उचलून धरू लागली. असेच चालवत राहिलो असतो तर बुश अकाली फाटले असते. दुसऱ्या दिवशी चाकांखाली जाड फळ्यांचे थर देऊन, गाडीचे पूर्ण वजन चाकांवर ठेवून मी ते बोल्ट सैल केले, गाडी चारही बाजूंनी दाबून हलवली आणि मग टॉर्क पान्याने आवळले. पुढचा भाग २७ मिलिमीटर खाली आला, आणि डाव्या-उजव्या उंचीत फक्त २ मिलिमीटरचा फरक राहिला. ही अचूकता मी या संचाची सर्वांत मोठी जमेची बाजू मानतो. पत्रकात मात्र या टप्प्याविषयी एक ओळही नाही, आणि घरी काम करणाऱ्या माणसासाठी ती ओळ बाकी संपूर्ण पत्रकाहून मोलाची ठरली असती.

रस्त्यावर या स्प्रिंगा मनापासून आवडल्या. वळणात शिरताना गाडीचे कलणे स्पष्टपणे कमी झाले आहे, ब्रेक लावल्यावर नाक पूर्वीइतके खाली जात नाही, आणि स्टीअरिंगला मिळणारा प्रतिसाद अधिक तत्पर झाला आहे. लहान खाचखळगे जुन्या स्प्रिंगांइतक्याच सहजतेने जिरतात. लांब चढउतारांवर मात्र मागचा भाग एकदा जास्त हेलकावतो, आणि याचे कारण माझे जुने शॉक आहेत: स्प्रिंग ताठ झाली की तिच्या उसळीला आवरण्यासाठी अधिक जोराचा शॉक लागतो. चाकाला वर जायला मिळणारी जागाही कमी झाली आहे, त्यामुळे पूर्ण भाराने मोठ्या खड्ड्यात गेल्यास बंप स्टॉप (चाकाची वर जाण्याची हालचाल अडवणारा ठोकळा) लवकर टेकतो. ज्यांचे शॉक थकलेले आहेत त्यांनी हा संच एकटा घेऊ नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी बदलल्यास उकलण्याचे कष्टही एकदाच पडतात.

उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेतला कल) आणि टो (चाकांचे पुढून आत किंवा बाहेर वळलेले असणे) दोन्ही बदलतात, म्हणून व्हील अलाइनमेंट अनिवार्य आहे. हेडलाइटचा झोतही तपासून घ्यावा. मी अलाइनमेंटसाठी ५०० किलोमीटर थांबलो आणि त्याआधी उंची पुन्हा मोजली. चारही कोपरे आणखी २ मिलिमीटर बसले होते, आणि तेव्हापासून मापात कोणताही बदल झालेला नाही.