ड्राइव्हवे कोरडा होता

"पाणी सोडलं म्हणतोस, मग गेलं कुठं?"

बाबांनी हे विचारलं तेव्हा हिवाळ्याआधी आमच्या कॅम्पिंगच्या ट्रेलरमधलं पाणी काढायला आलेल्या माणसाची व्हॅन आमच्या कोपऱ्यावरून वळून पाच मिनिटंही झाली नव्हती. पैसे मी नुकतेच दिले होते. "असेल काहीतरी व्यवस्था त्याच्याकडं, ओढून घेतलं असेल पंपानं," मी म्हणालो. बाबा पुढं काही बोलले नाहीत. ट्रेलरच्या बाजूला गेले, वाकून हीटरच्या झाकणाखाली जमिनीवर हात फिरवला, हात झटकला आणि घरात गेले.

बाबा मिरजेत महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात फिटर होते. उभं आयुष्य पाइप, सांधे आणि व्हॉल्व्ह यांत गेलेल्या माणसानं विचारलेला तो प्रश्न मी तिथंच धरून ठेवायला हवा होता. तो सोडला आणि सहा महिन्यांनी दुरुस्तीला २,६४० डॉलर भरले. मिनेसोटा, मिशिगन, विस्कॉन्सिन, ओंटारिओ अशा ठिकाणी आपले बरेच लोक आहेत आणि २०२० नंतर त्यांतल्या अनेकांनी कॅम्पर घेतलेत. त्यांच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आमचा ट्रेलर २४ फुटी, जुना घेतलेला. उन्हाळ्यात तो आमचं दुसरं घर असतो. मिसिसिपी नदी जिथून निघते त्या मिनेसोटातल्या इटास्काला बाबांना घेऊन गेलो होतो. दगडांवर पाय ठेवत नदी ओलांडता येते तिथं. आईनं त्या ट्रेलरच्या छोट्या शेगडीवर थालीपीठ लावलं होतं. हे सांगायचं कारण एवढंच, की ती वस्तू आमच्यासाठी नुसतं वाहन नव्हती.

ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर, पण हिवाळ्यात ते घर गरम नसतं. स्वच्छ पाण्याची टाकी, पंप, सहा गॅलनचा वॉटर हीटर, दोन सिंक, शॉवर, संडास, बाहेरच्या अंगाला धुण्यासाठी आणखी एक शॉवर, आणि या सगळ्यांना जोडणारे पाइप. आमच्याकडं जानेवारीत रात्री उणे २० फॅरनहाइट, म्हणजे उणे २९ सेल्सिअसपर्यंत पारा उतरतो. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं. हल्लीचे पेक्सचे, म्हणजे लवचिक प्लास्टिकचे, पाइप थोडे ताणले जातात, ते बहुधा तगतात. तडकतात ते कडक भाग: प्लास्टिकचे एल्बो, पंपाचं डोकं, संडासामागचा व्हॉल्व्ह, नळाच्या आतले भाग आणि हीटरची टाकी. म्हणून थंडीआधी सगळं पाणी काढून पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ भरायचं असतं. हे गाडीतलं हिरवं अँटीफ्रीझ नव्हे. ते इथिलीन ग्लायकोलचं असतं, विषारी. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात त्याचा थेंबही जाता कामा नये. गुलाबी असतं ते प्रॉपिलीन ग्लायकोलचं.

त्या वर्षी मला उशीर झाला. दसरा झाला आणि रात्रीचं तापमान घसरणार असा अंदाज आला. जिथं आधी काम करून घ्यायचो तिथं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तारीख नव्हती. एका ऑनलाइन जाहिरातीत 'घरी येऊन करून देतो' असं लिहिलेलं दिसलं. फोन केला. माणूस बोलायला अतिशय चांगला, ट्रेलरची लांबी, हीटर केवढा, बाहेरचा शॉवर आहे का, सगळं स्वतःहून विचारलं. बाहेरच्या शॉवरबद्दल विचारतो म्हणजे जाणकार आहे, असं मला वाटलं. आता वाटतं, ते त्याला चांगलंच माहीत होतं आणि तरीही त्यानं ते केलं नाही. चुकून राहिलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

संध्याकाळी साडेसहाला येतो म्हणाला आणि सव्वासातला आला. अंधार पडला होता. "आत वास येईल, तुम्ही घरातच थांबा, झालं की कळवतो," म्हणाला. चाळीस मिनिटांनी दार वाजवलं. हातात बिल: मजुरी, अँटीफ्रीझ ४ गॅलन, हीटरचा नवा ॲनोड रॉड, एकूण २८५ डॉलर. पैसे फोनवरून थेट खात्यात पाठवा, कार्डाचं मशीन आज आणलं नाही, म्हणाला. मी पाठवले. त्यानं दारावर 'हिवाळ्यासाठी तयार' असा तारखेचा स्टिकर लावला आणि जाता जाता मला एक फोटो पाठवला: नळातून धो धो येणारं गुलाबी पाणी. मी आत जाऊन सिंकमध्ये डोकावलो. मोरीच्या भोकात गुलाबी दिसत होतं. संडासाच्या भांड्यातही गुलाबी. समाधान झालं.

बाबांनी व्हॅन निघण्याआधी एकच गोष्ट पाहिली होती, ती मला रात्री जेवताना सांगितली. "बाटली एकच होती रे त्याच्या हातात." मी म्हणालो, बाकीच्या गाडीत असतील. महिन्याच्या शेवटी आई-बाबा मिरजेला परतले. ट्रेलर आम्ही गावाबाहेरच्या भाड्याच्या जागेत नेऊन ठेवला, कारण आमच्या वसाहतीत तो घरासमोर ठेवायला परवानगी नाही. सहा महिने तो तिथं बर्फात उभा होता.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ट्रेलर घरी आणला, बागेची नळी जोडली आणि तोटी सोडली. आधी सिंकखालून शिट्टीसारखा आवाज आला. मग बाहेरून मुलगी ओरडली, "बाबा, भिंतीतून पाणी येतंय!" हीटरच्या झाकणाच्या जाळीतून धार लागली होती. आत संडासामागून पाणी वाहत होतं, पलंगाखालच्या पंपाच्या कप्प्यात तळं झालं होतं. तोटी बंद करेपर्यंत दोन मिनिटं गेली असतील. तेवढ्यात पाणी फरशीच्या व्हिनाइलखाली शिरलं आणि तिथला प्लायवुड पुढं फुगून आला.

दुरुस्तीला दुसऱ्या माणसाकडं नेला. त्यानं मला शेजारी उभं करून एकेक भाग उघडून दाखवला, त्याचे उपकार मी विसरणार नाही. त्यानं सॉकेट लावून हीटरचा ॲनोड रॉड बाहेर काढला. टाकीचं लोखंड गंजू नये म्हणून हा रॉड स्वतः झिजत जातो. आमच्या हातात आली ती तार आणि तिला चिकटलेले दोन-चार गोळे. बिलात नवा रॉड लावला होता! हिवाळाभर रिकाम्या टाकीत बसलेला नवा रॉड असा झिजत नाही. आणि याहून मोठी गोष्ट अशी, की आमच्या हीटरची टाकी रिकामी करायची तर हाच रॉड काढावा लागतो, त्याच भोकातून पाणी निघतं. म्हणजे रॉडला हातच लागला नव्हता आणि सहा गॅलन, जवळजवळ २३ लिटर पाणी हिवाळाभर टाकीतच होतं. दोन बादल्या पाणी. ते काढलं असतं तर ड्राइव्हवेवर ओघळ गेला असता, त्यात इथल्या जड पाण्याचे पांढरे खवले पडले असते. बाबा हेच शोधत होते जमिनीवर हात फिरवून.

हीटरमागचे बायपासचे, म्हणजे टाकी वगळून पाणी पुढं नेणारे, तीन व्हॉल्व्ह उन्हाळ्याच्याच स्थितीत होते. अँटीफ्रीझ भरताना ते फिरवावे लागतात. न फिरवता पंप लावला तर गरम नळांकडं जाणारं अँटीफ्रीझ आधी हीटरच्या टाकीत जातं, आणि चार गॅलनमध्ये गरम पाण्याच्या नळाला भडक गुलाबी रंग दिसणं शक्यच नाही. ट्रेलरच्या पोटाखाली पाणी सोडण्याच्या दोन नळ्या असतात, त्यांच्या टोपणांवर उन्हाळ्यातला चिखल वाळून तसाच होता. पंपाच्या पारदर्शक गाळणीत स्वच्छ पाणी. बाहेरच्या शॉवरचा नळ उभा चिरलेला. शाबूत काय होतं, तर सिंक आणि शॉवरखालची वाकडी नळी, आणि संडासाचं भांडं. त्यानं एकच बाटली आणली होती आणि डोळ्यांना दिसेल तिथं कपभर ओतली होती.

मी फोन केला. तो आधी म्हणाला, मध्ये कधीतरी तुम्हीच पाणी वापरलं असणार. मग म्हणाला, बिलामागं वाचा, गोठून झालेल्या नुकसानीची हमी नाही. ॲनोडचा विषय काढताच फोन बंद. नंतर लागलाच नाही.

या फसवणुकीत एक गोष्ट फार पद्धतशीर आहे, आणि मला सगळ्यांत जास्त तीच सांगायची आहे. काम ऑक्टोबरात होतं, उघडं पडतं एप्रिल-मेमध्ये. मधले सहा महिने त्याच्या बाजूनं काम करतात. बँकेनं सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही परत आणू शकत नाही. क्रेडिट कार्डानं दिले असते तरी बिलातल्या चुकीची लेखी तक्रार करायला अमेरिकेच्या १९७४ च्या केंद्रीय कायद्यानं बिल निघाल्यापासून ६० दिवस मिळतात. ते तर हिवाळ्यातच संपले असते. आमच्या विमा पॉलिसीत गोठून झालेलं नुकसान वगळलेलं होतं, देखभालीची जबाबदारी मालकाची म्हणून. बर्फ सगळा पुरावा झाकून ठेवतो आणि तोवर तक्रारीचा जवळजवळ प्रत्येक दरवाजा बंद होतो. म्हणून तपासणी करायची ती त्याच संध्याकाळी, पैसे देण्याआधी, आणि अंधारात काम करूच द्यायचं नाही.

तो आत काम करत असताना तुम्ही तिथं थांबा. वास वगैरे काही येत नाही. बाटल्यांची सीलं तुमच्यासमोर तोडायला सांगा. आमच्याएवढ्या ट्रेलरला बायपास फिरवल्यावर दोन ते तीन गॅलन पुरतात, आणि रिकाम्या बाटल्या मोजायला वेळ लागत नाही. पैसे देण्याआधी त्याला पंप चालू करायला लावा आणि स्वतःच्या हातानं प्रत्येक नळ सोडा, आधी थंड मग गरम, स्वयंपाकघर, न्हाणी, बाहेरचा शॉवर, संडासाचं पायानं दाबायचं पेडल. प्रत्येक ठिकाणी भडक गुलाबी आलं पाहिजे. फिकट आलं तर आत पाणी राहिलंय, आणि पाणी मिसळलेलं अँटीफ्रीझ बाटलीवरच्या उणे ५० फॅरनहाइटच्या आकड्याला जागत नाही. मोरीतला गुलाबी रंग पाहून काहीही सिद्ध होत नाही, तो वरून ओतता येतो. गरम पाण्याच्या नळातून आलेला मात्र वरून ओतता येत नाही. हीटरचं झाकण उघडून ॲनोड बाहेर काढलेला पाहा, जुना रॉड मागून घ्या. हीटरचा विजेचा स्विच बंद आहे का तेही बघा, नाहीतर पुढं कोणी कोरड्या टाकीत तो चालू केला तर कॉइल जळते. काहीजण अँटीफ्रीझऐवजी काँप्रेसरच्या हवेनं पाइप झटकतात, तीही रीत बरोबर आहे. पण मग बिलात अँटीफ्रीझचे चार गॅलन कशाला, हे विचारा. आणि जमीन बघा. जमीन ओली असली पाहिजे.

आम्ही लहान दाव्यांच्या न्यायालयात गेलो, इथं मिनेसोटात त्याला कन्सिलिएशन कोर्ट म्हणतात. वकील लागत नाही. त्याचा पत्ता शोधण्यातच दोन महिने गेले. कागद जुळवताना बायकोनं त्याचा तो फोटो मोठा करून पाहिला आणि मला हाक मारली. फोटोतल्या नळाला दोन मुठी होत्या. आमच्या ट्रेलरमध्ये एकही नळ दोन मुठींचा नाही. फोटो आमच्या ट्रेलरचा नव्हताच.

सुनावणीला तो आला नाही. निकाल आमच्या बाजूनं लागला, पैसे अजून आलेले नाहीत. पुढच्या ऑक्टोबरात मी स्वतः काम केलं. मिरजेत पहाट होती, बाबा व्हिडिओ कॉलवर होते. रॉड काढल्याबरोबर टाकीतलं पाणी भसकन माझ्या बुटांवर आलं आणि ड्राइव्हवेच्या उतारानं गटाराकडं निघालं. फोन खाली धरून मी बाबांना तो ओघळ दाखवला. "हां," ते म्हणाले, "आता टोपणं उघड."

दोन आठवड्यांपूर्वी ओळखीच्या एका मराठी कुटुंबानं मला एक जाहिरात पाठवली, हा माणूस कसा आहे, घरी येऊन करून देतो म्हणतो. नाव वेगळं, फोन नंबर वेगळा. खाली फोटो तोच होता, दोन मुठींचा नळ आणि धो धो गुलाबी पाणी.